गोंदणाचा हात खाली

माझी बायको बसत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, वैतागून सांगतो. जेवते ती ओट्याला टेकून, फोनवर बोलते ती गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत, आणि टीव्ही बघते ती कपड्यांच्या घड्या घालत. पाहुणे आले की तेही बिचारे खुर्चीच्या कडेवर अवघडून बसतात, कारण घरची बाई उभी असताना आपण कसं ऐसपैस बसायचं? मी अंबरनाथच्या एका कंपनीत दिवसभर मशीनसमोर उभा राहणारा माणूस. घरी आल्यावर निदान एखादं बसलेलं माणूस डोळ्यांना दिसावं एवढीच माझी इच्छा, पण ते सुख माझ्या नशिबात नाही.

तिचं नाव जिज्ञासा. उल्हासनगरात कॅम्प दोनला कापडाच्या दुकानांवर एक नर्सिंगची शाळा आहे, तिथं ती शिकवते. आम्ही राहतो बदलापूरला, आमच्याच भातशेतीवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. माझे वडील बुधाजी अजून गॅलरीतून खालच्या पार्किंगकडे बोट दाखवून "हितं आपली विहीर व्हती" असं येईल त्याला सांगतात. आणि माझी आई मोतीबाई. या गोष्टीत तिचं काम मोठं आहे, तेव्हा तिच्याकडे येऊच.

शाळेत मुली पुष्कळ आणि सरावाला एकच रबरी बाहुली, तिचाही एक हात खांद्यातून निखळलेला. लॉकडाऊनमध्ये शाळा बंद झाली तेव्हा एका संस्थेनं अ‍ॅप आणून दिलं. शिक्षकांनी घरी धडे रेकॉर्ड करायचे, मुलींनी ते मोबाइलवर बघायचे आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. लॉकडाऊन गेला, अ‍ॅप राहिलं. जिज्ञासाचे धडे तर असे गाजले की कर्जत-मुरबाडकडच्या शाळांतल्या मुलीही तेच बघायला लागल्या. तेव्हापासून आमच्या हॉलवर आमचा हक्क उरला नाही. भिंतीवर पांढरी चादर ठोकलेली, म्हणजे कॅलेंडर, घड्याळ आणि आईबाबांच्या लग्नाचा फोटो दिसू नये. दिवाण मधोमध ओढलेला, समोर स्टँडवर मोबाइल. सुरुवातीला मोबाइल धरायचं काम माझ्याकडे होतं, पण माझा श्वास फार जोरात ऐकू येतो म्हणून मला काढून टाकलं. मग ती एकटीच, सेल्फीचा कॅमेरा लावून, स्वतःला स्क्रीनवर बघत बघत शिकवायची.

धड्याला पेशंट लागतो. बाहुली घरी आणता येत नव्हती, म्हणून आई.

आईनं हे काम मनावर घेतलं. लकवा झालेली म्हातारी, पाय मोडलेली, बेशुद्ध पडलेली, जे सांगाल ते. उलट जास्तच करायची. "आई, बेशुद्ध पेशंट कण्हत नाही," असं जिज्ञासाला सांगावं लागायचं. मध्येच कुकरची शिट्टी मोजायची, बाबांना पाणी तापवायला सांगायची. म्हणून जिज्ञासानं पद्धतच पाडली, आधी नुसतं चित्र घ्यायचं आणि बोलणं नंतर बेडरूमचं दार लावून वर चढवायचं. मुली आईला पेशंटआजी म्हणतात. आईची अट मात्र एकच होती, मोबाइलमध्ये स्वतःला बघणार नाही म्हणजे नाही. "जित्या मान्सानं आपला मढा बगू नये," असं म्हणून ती विषय संपवायची. आम्ही हसायचो आणि सोडून द्यायचो.

या सगळ्या धड्यांत जिज्ञासाचा जीव एका धड्यात अडकलेला. दिवस भरलेल्या बाईला कसं झोपवायचं, एवढाच तो धडा. उताणं झोपवलं की पोटाचा सगळा भार पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगानं जाणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो, रक्त हृदयाकडे नीट परतत नाही, बाईला घेरी येते आणि आतल्या बाळालाही कमी पडतं. तिला डाव्या कुशीवर वळवली की शीर मोकळी होते. झटके येत असतील तर पहिली गोष्ट हीच, डावी कूस. मी यंत्रांमधला माणूस, पण मलासुद्धा हे पाठ झालंय, इतक्या वेळा तिनं तो धडा घासूनपुसून घेतला होता.

त्याला कारण आहे. माझी धाकटी बहीण वनिता पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. आमचं तेव्हाचं घर गावात, रस्ता कच्चा. सकाळी तिला अंधारी आली आणि बघता बघता झटके सुरू झाले. शेजारच्या भाजीच्या टेम्पोत तिला घातली, डोकं आईच्या मांडीवर. मी पुढे ड्रायव्हरजवळ होतो. हॉस्पिटलला पोचलो तेव्हा ती गेलेली होती, आणि बाळही. जिज्ञासा आमच्या घरात नवीनच लग्न होऊन आली होती. नर्स होती, पण त्या सकाळी उल्हासनगरला ड्युटीवर होती. घरात एक नर्स असून ती वेळेला नव्हती, हे तिनं स्वतःच्या मनाशी असं काही धरून ठेवलं की तेव्हापासून ती बसलीच नाही. हॉस्पिटल सोडून ती शिकवायला लागली तीही त्याच तिरमिरीत. एक नर्स एका वेळी एकाच खाटेजवळ असते, पण शिकवलेल्या पोरी सगळीकडे असतात, असं म्हणायची. त्या धड्यासाठी आईच्या पोटाला उशी बांधली तेव्हा आई लाजून लाल झाली होती. हा धडा कशाचा आणि का, हे जिज्ञासानं तिला सांगितलं नाही. तिच्यासमोर हे बोलायचंच नाही, असं आमचं न बोलता ठरलेलं होतं.

तर मागच्या एका रविवारी बनूमावशी आली. आईची सख्खी बहीण, तोंडाची फटकळ. सुकटीची पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "मोते, फुली उजवीकरं कवापासून घालाय लागलीस गो? आन पदर पन उजव्या खांद्यावं! गुजरातीन झालीस काय?"

आईनं नाकाला हात लावला. फुली डावीकडेच होती, जन्मभर असते तिथंच. "तुजं डोलं फुटलं काय?" आई म्हणाली.

"मोबाइलमंदी बगितला ना मी. शेजारची पोर नर्सीन शिकतं, तिनं दाखवला. उजवीकरंच व्हती."

दोघींची जुंपली. आई इरेला पेटली आणि अटबिट विसरून म्हणाली, दाखव. जिज्ञासानं कणीक मळता मळता हसत हसत मोबाइल पुढे धरला. नेमका तोच डाव्या कुशीचा धडा वर होता. आई बघत राहिली. पडद्यावर तीच, डोळे मिटून निपचित पडलेली, फुली उजव्या नाकपुडीत, पदर उजव्या खांद्यावर. आईनं मोबाइल पालथा ठेवला. उठून आतल्या खोलीत गेली.

बनूमावशी जिंकल्याच्या आनंदात होती. मी जिज्ञासाकडे बघितलं तर तिचे कणकेचे हात तसेच हवेत.

"फुली उलटी," ती म्हणाली. "म्हणजे कूस पण उलटी."

सेल्फीचा कॅमेरा आरशासारखं दाखवतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण या फोननं चित्र तसंच उलटं साठवलं होतं, आणि आपलं तोंड आपण आयुष्यभर आरशातच बघतो, त्यामुळे तिला स्वतःला ते सुलट वाटलं. मागे कॅलेंडर असतं तर आकड्यांनी चुगली केली असती, पण तिथं चादर होती. संस्थेच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी धडा पास करताना आवाज किती स्पष्ट आहे याचं कौतुक केलं होतं. एका फुलीवरून बनूमावशीनं जे पकडलं ते कुणाला दिसलं नव्हतं, आणि मावशीला अजूनही आपण काय पकडलं ते कळलं नव्हतं. ती चहाची वाट बघत होती.

"पण तू तोंडानं डावी कूसच म्हणतेस ना?" मी म्हणालो.

"ऐकतंय कोण?" ती जवळजवळ ओरडलीच. मुली एका खोलीच्या घरांत राहतात. कुणाचा भाऊ रात्रपाळी करून झोपलेला, कुणाच्या घरात दिवसभर शिवणयंत्रं. डेटा वाचवतात, आवाज बंद करतात, आणि बघतात. "उद्यापासून त्यांची प्रसूतीच्या वॉर्डात ड्युटी आहे, भूपेश. उद्यापासून!"

तिनं मुलींच्या ग्रुपवर मेसेज टाकला, धडा उलटा दिसतोय, कूस डावीच. टपाटप अंगठे आले. ते अंगठे बघून तिचा जीव आणखीच वर-खाली व्हायला लागला. "वाचलं असेल का? अंगठा तर ह्या झोपेतसुद्धा दाबतात." हात तसेच पिठाचे धुतले न धुतले आणि मला म्हणाली, गाडी काढ.

मोटरसायकलवर तरी ती बसते, असा माझा समज होता. त्या दिवशी कळलं की तिथंही ती बसत नाही, नुसती टेकते. अंबरनाथच्या सिग्नलला तिनं माझ्या खांद्यावर इतक्या वेळा बोटं आपटली की मागचा रिक्षावाला म्हणाला, "दादा, भाभी को जल्दी है."

कॅम्प एकला कीर्ती राहते, तिच्या वर्गातली सगळ्यात मेहनती मुलगी. खोली एकच. आई जीन्सचे खिसे शिवते, खोलीभर निळ्या कापडाचे ढीग. मॅडमना दारात बघून दोघी घाबरल्या. जिज्ञासानं ना पाणी घेतलं ना खुर्ची. म्हणाली, "कीर्ती, समज तुझी आई दिवस भरलेली बाई आहे, तिला झटके येतायत. काय करशील?"

कीर्तीच्या आईनं मशीन थांबवलं आणि कापडाच्या ढिगावर आडवी झाली. कीर्तीनं काम सुरेख केलं. गुडघा वाकवला, खांद्याला आणि कमरेला हात दिला, हलकेच वळवलं, पाठीमागे उशीऐवजी खिशांचं गाठोडं सरकवलं, मान तिरकी करून तोंड मोकळं ठेवलं. जिज्ञासा शिकवते तसं, अगदी तिच्याच बोटांनी केल्यासारखं. फक्त उजव्या कुशीवर.

"मेसेज वाचलास?"

"हो मॅडम. लेफ्ट." मग तिनं आईकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. "मॅडम, हात आपोआप इकडेच गेले."

"धड्याला आवाज लावत नाहीस?"

"मशीन चालू असतं मॅडम. आवाज लावून पण काय ऐकू येणार? मी तुमचे हात बघते."

जिज्ञासाला हे फार लागलं. मला तिच्या पाठीवरूनच कळलं. तिनं कीर्तीकडून आईला पुन्हा पुन्हा वळवून घेतलं, डावीकडे, डावीकडे, इतकं की शेवटी कीर्तीची आईच म्हणाली, "मॅडम, माझं आजचं काम राहिलं तर सेठ उद्या माल देणार नाही." तेव्हा कुठं आम्ही निघालो.

कॅम्प दोनला लविना. वडिलांचं प्लास्टिकच्या डब्या-बरण्यांचं दुकान, मागे घर. तिनं आजीला बरोबर डावीकडे वळवलं. जिज्ञासानं सुटकेचा श्वास सोडला तोच पोरगी म्हणाली, "मॅडम, मैंने आवाज लगाके सुना था. आप लेफ्ट बोलता है, पर वीडियो में राइट दिख रहा था."

"तो तूने पूछा क्यूँ नहीं?"

लविना ओशाळली. "मॅडम, आपकी खुद की सास है. मुझे लगा, आपको पता होगा."

बाहेर येऊन जिज्ञासा दुकानासमोरच्या फुटपाथवर येरझाऱ्या घालायला लागली. किती घरं फिरणार? इथल्या मुली तरी हाताशी होत्या. कर्जतच्या, मुरबाडच्या? तिनं शाळेच्या मुख्य सरांना फोन लावला. सरांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "मॅडम, गवगवा कशाला? हळूच काढून टाका. पुढच्या आठवड्यात निवांत नवीन घेऊ."

"सर, मुली उद्या वॉर्डात आहेत," ती म्हणाली आणि फोन बंद केला. मग मला म्हणाली, "हात बघून शिकल्यात, हात बघूनच सुधारतील. आजच परत घ्यायचं. आत्ता." तिथं उभ्या उभ्याच तिनं सगळ्या शाळांना कळवलं, की धडा चुकलाय, चूक माझी आहे, रात्री नवीन येतोय, तो बघितल्याशिवाय कुणीही पेशंटला हात लावू नका.

घरी आलो तर तिन्हीसांजा झालेल्या. बनूमावशी निघून गेली होती. आई देव्हाऱ्यापुढे दिवा लावून भिंतीकडे तोंड करून बसली होती. जिज्ञासानं चादर ठोकली, दिवाण ओढला, मोबाइल पाठीमागच्या कॅमेऱ्यानं लावला, आणि म्हणाली, "आई, एकदाच. ती कूस चुकली माझी."

"मी नाय," आई म्हणाली. "बगितला मी मना. मढ्यावानी दिसतय. आन दिवेलागनीला कोनी आडवा पडतं का? लक्ष्मी यायची वेळ."

आमच्यात तिन्हीसांजेला माणूस आजारी असला तरी उठून बसवतात. आईचं चुकत नव्हतं. पण जिज्ञासाच्या हातात वेळ नव्हता. तिनं मला पेशंट करून बघितलं. माझं पोट त्या कामाला उशीशिवायही चाललं असतं, पण मिशा असलेली गर्भारशीण बघून मुली हसत सुटतील आणि कूस कुणाच्याच लक्षात राहणार नाही, हे तिलाही कळत होतं. ती आईपुढे उभी राहिली, गेली, परत आली, पुन्हा गेली. मग एकदम खाली बसली. जमिनीवर, आईच्या पायाशी. माझी बायको बसली, आणि मला भीती वाटली.

"आई, हा धडा कशाचा आहे ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली. मग तिनं सांगितलं. पोटाचा भार, शीर, उताणं आणि डावी कूस. बोटानं फरशीवर रेघ ओढून दाखवलं. झटके म्हणाली तेव्हा बाबा गॅलरीतून आत आले आणि दारातच थांबले.

आईनं त्या नसलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "वनीला मी उतानी धरली व्हती."

बाबांनी दाराची चौकट धरली.

"मांडीवं डोका घेतला, आन उतानी. ती सारखी वलत व्हती गो. मीच धरून ठेवली, पडल म्हनून."

"आई, तिचं दुखणं फार पुढे गेलेलं होतं. नुसत्या कुशीनं ती वाचली असती असं नाही."

"मना खोटा सांगू नको."

"खोटं नाही सांगत. वाचली असती असं मला म्हणता येत नाही. पण त्रास कमी झाला असता." जिज्ञासानं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हे तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. मला शिकवलं होतं, आणि मी तिथं नव्हते."

मला वाटलं, आता आई कोसळणार. मी पुढे झालो. आईनं मला हातानंच थांबवलं, गुडघ्यावर जोर देऊन उठली, देव्हाऱ्यातल्या दिव्याला हात जोडले आणि दिवाणावर आडवी झाली. दिवेलागणीला. माझ्या आठवणीत पहिल्यांदा.

"उशी बांध," ती म्हणाली. "आन डोलं मिटनार नाय मी. पोरींना कलू दे, बाय जिती हाय."

जिज्ञासानं उशी बांधली. पण आता तिला नवीनच काळजी लागली, आवाज नसताना डावं कसं कळणार? चित्र परत कुठं उलटलं तर? ती इकडेतिकडे बघायला लागली, लाल रिबन, खडू, काहीही. तेव्हा आईनं पदर सारून आपला डावा हात पुढे केला. त्यावर कोपराखाली गोंदलेली तुळस आहे, वृंदावनासकट, लहानपणी जत्रेत गोंदवलेली, आता निळी पडलेली. "ह्यो हात खाली," ती म्हणाली. "ह्यो तर बदलत नाय ना?"

जिज्ञासानं कॅमेऱ्याकडे बघून आधी स्वतःच्या डाव्या छातीवर हात ठेवला, काळीज दाखवलं, मग आईचा गोंदणाचा हात उचलून दाखवला, आणि तिला त्या हातावर वळवलं. आईनं डोळे उघडे ठेवले आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. ती कण्हली नाही. शिट्ट्याही मोजल्या नाहीत. जिज्ञासानं धडा बघून, परत बघून, फुली डावीकडे आहे याची खात्री करून अ‍ॅपवर टाकला, खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, गोंदणाचा हात खाली. मुलींचे अंगठे यायला लागले, तेव्हा तिनं प्रत्येकीला उलट विचारलं, कोणता हात? त्यात जेवण राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तेव्हा ती गॅलरीत फेऱ्या मारत होती, फोन हातात, वाजत नसलेला. आई भाजी निवडत होती आणि दर फेरीला तिच्याकडे बघत होती. फोन वाजला तो कीर्तीचा. जिज्ञासानं स्पीकर लावला.

"मॅडम, दुपारी एक बाई आली. खूप सुजलेली. कॉरिडॉरमध्येच झटका आला. सिस्टर धावत इंजेक्शन आणायला गेल्या, जाताना म्हणाल्या, कुशीवर घे. मॅडम, माझे हात परत उजवीकडेच निघाले. मग मला आजींचा हात आठवला. पण त्या बाईच्या हातावर गोंदण नव्हतं ना."

"मग?" जिज्ञासा फेऱ्या मारायची थांबली.

"मग तिचं काळीज कुठल्या बाजूला ते बघितलं, तो हात खाली घेतला, वळवलं. आणि नंतर ना मॅडम, तिला लेबर रूममध्ये नेताना मी त्या हातावर पेनानं तुळस काढली. म्हणजे पुढच्या ड्युटीच्या मुलींना पण कळेल." ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "आत्ता संध्याकाळी डिलिव्हरी झाली."

"पोरगा का पोरगी?" बाबांनी दारातून विचारलं. मीही तेच विचारणार होतो.

आईनं निवडलेली भाजी बाजूला सारली आणि फोनजवळ तोंड नेलं. "पोरी," ती म्हणाली, "आय बरी हाय ना?"

"बरी आहे आजी. शुद्धीवर आहे. पाणी मागितलं तिनं."

आईनं मान हलवली आणि भाजी पुन्हा पुढ्यात ओढली. तिचा डावा हात पदराखाली होता. जिज्ञासा तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि दोघींनी मिळून ती जुडी संपवली.